होडीच्या बुडाला कुठला पेंट? आधी महिन्यांचा हिशोब मांड

पत्र थोडक्यात असं आहे: "काका, आमची ४५ फुटी लाकडी ट्रॉलर आहे, हर्णै बंदरात. वय १४ वर्षं. बाबा तांडेल, म्हणजे बोट तेच चालवतात, भाऊ इंजिन बघतो, हिशोबाची वही माझ्याकडे. दरवर्षी बुडाला लाल पेंट मारतो, ४५० रुपये लिटरचा. पण ऑक्टोबर संपेपर्यंत बुडाला शिंपल्या धरतात, मग नोव्हेंबरात आणि परत फेब्रुवारीत बोट पाण्याबाहेर वर घेऊन खरवडावी लागते. भाऊ म्हणतो तांब्याचा चांगला पेंट घेऊ, त्याचा भाव १,४०० रुपये लिटर. बाबा म्हणतात तिप्पट पैसे कशाला घालायचे, शिंपल्या त्यालाही धरणारच. तिसरा एकजण आलाय तो म्हणतो अख्ख्या बोटीला फायबर मारून घ्या, अडीच लाखात काम, परत कधी पेंटच नको. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागायच्या आधी ठरवायचंय. खरं स्वस्त काय ते सांगा."

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा तुला शाबासकी देतो कारण तू पत्रासोबत वहीची पानं पाठवलीस, फेरीला किती डिझेल, वर घ्यायला किती, खरवडायला किती. इतकं लिहून ठेवणारं माणूस मला क्वचित भेटतं. त्यामुळे आज मी अंदाजाने बोलणार नाही, तुझ्याच आकड्यांवर बोलतो.

आधी फायबरवाल्याचं संपवू, कारण त्यात सगळ्यात जास्त पैसे अडकणार. "परत कधी पेंटच नको" हे साफ खोटं आहे. फायबरला बार्नेकल, म्हणजे ह्याच शिंपल्या, लाकडाइतक्याच धरतात, शिंपलीच्या पिल्लाला खाली लाकूड आहे का प्लास्टिक ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं. फायबरने दोन गोष्टी होतात, लाकूड पोखरणारा टेरेडो किडा आत शिरत नाही आणि फटीतून पाणी येणं थांबतं. दोन्ही मोठे फायदे आहेत, मी नाही म्हणत नाही, पण बुडाचा पेंट त्याच्यावरून पुन्हा मारावाच लागतो. आणि तुमची बोट १४ वर्षांची, फळ्यांनी इतकी वर्षं पाणी प्यायलंय. ओल्या लाकडावर फायबर मारलं तर ते नीट धरत नाही, वरून पाणी आत कोंडलं जातं आणि फळी आतल्या आत कुजते, बाहेरून सगळं चकाचक दिसतं आणि एक दिवस टोच्या खुपसला की मुठीपर्यंत आत जातो. शिवाय साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला तितकंसं पकडत नाही, इपॉक्सी पकडतं पण ते महाग, तेव्हा अडीच लाखात कुठलं रेझिन हे त्याला विचार, उत्तर देताना चाचरला तर समजून जा. फायबर करायचंच असेल तर बोट उन्हात महिना दोन महिने सुकवून करायचं काम आहे, जूनच्या तोंडावर घाईत करायचं नाही. ह्या वर्षी ते बाजूला ठेव.

आता खरा प्रश्न, ४५० का १,४००.

लिटरचा भाव बघून पेंट घेणं म्हणजे घमेल्यावर मासळी घेण्यासारखं आहे, घमेल्यात किती बर्फ आणि किती पापलेट ते बघायला नको का? पेंटच्या डब्यात जो पातळ भाग असतो तो उडून जातो, मागे जो घट्ट भाग राहतो तोच बुडावर टिकतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तो टक्क्यात लिहिलेला असतो, घनभाग म्हण. आणि सुकल्यावर थर किती जाड हवा तेही मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असतं. ह्या दोन आकड्यांवरून एक लिटर किती चौरस मीटरला पुरतो ते निघतं: घनभागाच्या टक्क्याला १० ने गुणायचं आणि मायक्रॉनने भागायचं, बस.

भावाच्या पेंटच्या पत्रकावर घनभाग ५० टक्के आणि एका हाताला १०० मायक्रॉन लिहिलंय. ५० गुणिले १० म्हणजे ५००, भागिले १००, म्हणजे लिटरला ५ चौरस मीटर. बाबांच्या लाल पेंटच्या डब्यावर घनभाग ४० टक्के आहे आणि दुकानदार कौतुकाने सांगतो की लिटर १२ चौरस मीटरला पुरतो. मग उलटं गणित कर, ४०० भागिले १२, थर आला ३३ मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाल पेंटचा एक हात हा कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्यातलं शिंपल्यांवरचं औषध दिवाळीपर्यंत संपणारच ना. "जास्त पुरतो" ही त्याची तारीफ नाही, तो पातळ लागतोय एवढंच त्यातून कळतं.

बुडाचं क्षेत्रफळ काढायला सोपा हिशोब आहे, रुंदी आणि पाण्याखालची खोली ह्यांची बेरीज करायची आणि तिला पाण्यात बसते तेवढ्या लांबीने गुणायचं. तुमची १२ मीटर, ४ मीटर आणि १.२ मीटर, म्हणजे १२ गुणिले ५.२, साधारण ६२ चौरस मीटर. अगदी तंतोतंत नसतं पण डबे किती आणायचे त्याला पुरेसं आहे. दोन हात म्हणजे १२४. लाल पेंट १० लिटरच्या वर थोडा, ब्रशला, ताडपत्रीवर, खडबडीत लाकडात जातो तो पाव भाग धर, १३ लिटर, ५,८५० रुपये. तांब्याचा २४.८ लिटर, पाव भाग धरून ३१ लिटर, ४३,४०० रुपये. बघ, बाबा तिप्पट म्हणतायत, खरं तर सात पटीच्या वर जातंय! हे मी लपवणार नाही, बाबांची काळजी रास्तच आहे, एवढी रक्कम जूनमध्ये काढायची, जेव्हा दोन महिने दर्यावर जायचं नाही आणि घरात एक रुपया यायचा नाही, तेव्हा कुठल्याही नाखव्याचा, बोटमालकाचा, हात थबकेल.

पण आता तुझ्या वहीचं दुसरं पान उघड. हंगामात एकदा बोट वर घ्यायला ८,००० लिहिलेत, खरवडणाऱ्यांची मजुरी ४,०००, परत मारलेला पेंट ६,०००. ह्याच्यापुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस आणि तिथेच खरा खर्च लपलाय. बोट वर असताना एक फेरी बुडते. तुझ्याच वहीप्रमाणे एका फेरीला बर्फ, डिझेल, खलाशांचे वाटे सगळं जाऊन सरासरी १२,००० हातात राहतात. ते नाही आले तर तो खर्चच की, आणि वर खलाशांचं जेवणखाण चालूच असतं. म्हणजे एका वेळचे ३०,०००, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी मिळून ६०,०००. जूनच्या ५,८५० मध्ये हे मिळव, लाल पेंटचा हंगाम पडला ६५,८५० रुपयांना.

तांब्याच्या पेंटला पहिल्या वर्षी जुना सगळा पेंट उतरवून खाली प्रायमर आणि जोडथर (प्रायमर आणि वरचा पेंट एकमेकांना धरून ठेवणारा मधला थर) मारावा लागेल, त्याचे तुला १८,००० सांगितलेत, ते ठीक वाटतात. ४३,४०० आणि १८,००० मिळून ६१,४००, मध्ये एकदा ओहोटीला वाळूवर टेकवून झाडून घ्यायचे ३,०००, झाले ६४,४००. म्हणजे पहिल्या वर्षी दोघं जवळजवळ बरोबरीत! दुसऱ्या वर्षी उतरवायचं काम नाही, मग ४६,४०० वर येतं.

आता डिझेल. ऑगस्टमध्ये बूड स्वच्छ असताना फेरीला ३५० लिटर आणि नोव्हेंबरमध्ये मासेमारीच्या त्याच मैदानाला ४०० लिटर, असं तू लिहिलंयस आणि भाऊ म्हणतो ५० लिटर शिंपल्यांनी खाल्ले. भावाला सांग, सगळे नाही. ट्रॉलर जाळं ओढत असते तेव्हा इंजिनची ताकद बहुतेक जाळ्यावरच जाते, बुडाच्या घाणीचा फटका मुख्यतः जाता-येता बसतो. वाराही बदललेला असतो, बोट ढकलणाऱ्या पंख्यालाही शिंपल्या असतात. म्हणून मी निम्मेच धरतो, २५ लिटर. घाणेरड्या बुडाने तीन महिने काढलेत, महिन्याला ५ फेऱ्या, म्हणजे १५ फेऱ्या, ३७५ लिटर, ९० रुपयांनी ३३,७५०. चांगल्या पेंटने हे सगळं वाचेल असं कुठे आहे, तोही हंगामाच्या शेवटी मळतोच, म्हणून त्याचंही निम्मंच वाचलं धर, १७,००० च्या आसपास. सरकारकडून डिझेलचा परतावा मिळतो तो हातात पडला की त्या हिशोबाने हा आकडा थोडा कमी कर.

सगळं मिळून पहिल्या वर्षी तांब्याचा पेंट साधारण १८,००० ने स्वस्त, दुसऱ्या वर्षी ३६,००० ने. पण थांब, लगेच दुकानात पळू नकोस. तो पेंट मारूनही फेब्रुवारीत बोट एकदा वर घ्यावी लागली तर? वर घेणं, खरवडणं आणि बुडालेली फेरी मिळून २४,०००, मग पहिल्या वर्षी तुम्ही ६,००० ने तोट्यात आणि दुसऱ्या वर्षी १२,००० ने फायद्यात. म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर आहे, तुमच्या पाण्यात तो पेंट किती महिने स्वच्छ राहतो. ऑगस्ट ते मे हे १० महिने तुम्हाला विकत घ्यायचेत, लिटर नाही. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, हर्णैच्या नांगरावर तो किती टिकतो ते हर्णैचं पाणीच सांगणार.

आणि ते आत्ताच बघता येतं! नुकती होळी झालीय, बंदीला अजून दोन महिने आहेत. बोटीच्याच जातीच्या लाकडाच्या हातभर लांब तीन फळ्या घे. एक कोरी, एकीला लाल पेंट, एकीला प्रायमर लावून तांब्याचा (दुकानदाराकडून लहान डबा घे, नसेल तर ज्यांनी तो मारलाय त्यांच्याकडे उरलेला असतो). खुणा पेंटने करू नकोस, करवतीने खाचा पाड, एक, दोन, तीन. नांगराच्या बोयाला नायलॉनच्या दोरीने हात दीड हात खोल बांध आणि दर उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) वर काढून मोबाईलवर फोटो काढ. एक लक्षात ठेव, तांब्याचे नवीन पेंट पाण्याच्या घासण्याने हळूहळू झिजतात आणि आतला ताजा थर उघडा पडतो, म्हणून बोट चालती असली की ते जास्त चांगलं काम करतात. लटकलेली फळी जागची हलत नाही, म्हणजे ही परीक्षा बोटीपेक्षा कडक झाली. शिंपलीचं पिल्लू बोट उभी असतानाच चिकटतं, आणि तुमच्याकडे बोटी नांगरावर तासन्‌तास उभ्या असतात, तेव्हा कडक परीक्षाच बरी. मे अखेर दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीत डोळ्यांना दिसेल एवढा फरक नसेल तर बाबा बरोबर, ४३,००० वाचव.

फळी पास झाली तर पुढचं वाच, कारण चांगला पेंट वाईट मारला की तो ४५० वाल्यापेक्षा महाग पडतो. माझ्या डोळ्यादेखत झालंय. मी एका यार्डात हिशोब बघायचो तेव्हा जुन्या एनॅमलवर थेट तांब्याचा पेंट मारायला मीच हो म्हटलं, उतरवायची मजुरी वाचवायची म्हणून. त्या पेंटातल्या द्रावणाने खालचा एनॅमल फुगला आणि महिन्याच्या आत हाताएवढे पापुद्रे सुटले. त्या नाखव्याचा चेहरा अजून आठवतो मला. म्हणून तुझ्या हिशोबातले ते १८,००० कितीही टोचले तरी त्यातून कापू नकोस.

आपल्याकडची मोठी पंचाईत म्हणजे वेळ. १ जूनला बंदी, आठवड्याभरात पाऊस, आणि ३१ जुलैपर्यंत बोट शाकारलेली, म्हणजे वर छप्पर घालून झाकलेली. हवेत ओल ८५ टक्क्यांच्या वर असली की बहुतेक पेंट मारायचे नसतात, लाकडावर न दिसणारं दव धरतं आणि थर पकडत नाही. जुलैत कोकणात ८५ च्या खाली ओल म्हणजे नशीबच. त्यामुळे माझ्या मते मेच्या शेवटच्या उधाणाला बोट वर घ्या, आंजर्ल्याच्या खाडीत नेत असाल तर तिथे, त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा (मीठ राहिलं तर पेंट फुगतो), शिंपल्या ओल्या असतानाच काढा, वाळल्या की दगड होतात. कडक उन्हाचे जे दिवस मिळतील त्यात जुना पेंट उतरवून, फटी बुजवून प्रायमर घ्या. वरचे दोन हात जुलै अखेर उघडीप मिळेल तेव्हा शाकाराखाली. आता इथे एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचार: मारल्यावर किती दिवसांच्या आत बोट पाण्यात गेली पाहिजे? काही कडक जातीच्या पेंटचं औषध नुसतं हवेत राहून निकामी होतं, झिजणाऱ्या जातीचे बहुतेक जास्त दिवस चालतात. आणि प्रायमरवर पुढचा थर किती दिवसांच्या आत घ्यायचा हेही पत्रकात असतं, ती मुदत उलटली तर पॉलिशपेपरने घासून मगच पुढे जायचं.

डबा उघडल्यावर तळापासून ढवळा, नुसतं काडीने वरवर नाही. तांबं जड असतं, ते डब्याच्या तळाशी बसतं, न ढवळता मारलं तर अर्ध्या बोटीला लाल पाणी आणि उरलेल्या अर्ध्या बोटीला सगळं तांबं. पुरवायला म्हणून त्यात रॉकेल किंवा डिझेल ओतणारे आहेत, तसं अजिबात करू देऊ नकोस, पैसे देऊन घेतलेला थर तुम्ही स्वतःच पातळ करताय. नाळेला (पुढच्या टोकाला), सुकाणूला, पठाणीला (बुडाच्या मधल्या कण्याला) आणि पाण्याच्या रेषेला हातभर पट्ट्यात तिसरा हात द्या, झीज तिथेच जास्त. तुमची बोट ओहोटीला वाळूवर टेकते, तेव्हा पठाणीचा पेंट खरडणार हे धरूनच चाला. झिंकवर (पंख्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर) आणि खोली मोजणाऱ्या इको साउंडरच्या तोंडावर हा पेंट मारू नका, झिंक झाकलं तर ते काम करत नाही आणि मग पंखा खातो. (कोणी मैत्रीण ॲल्युमिनियमची बोट चालवत असेल तर तिला तांब्याचा पेंट सांगू नकोस हं, तांबं ॲल्युमिनियमला कुरतडतं.) आणि कोणी सिलिकॉनचा गुळगुळीत लेप दाखवायला आलं तर तो जोरात धावणाऱ्या जहाजांसाठी आहे, नांगरावर उभ्या राहणाऱ्या आणि वाळूवर टेकणाऱ्या आपल्या बोटींना त्याचा उपयोग नाही.

आता एक खर्च जो तुझ्या वहीत कधीच येणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बुडाचा पेंट म्हणजे विष आहे, म्हणूनच तो काम करतो. पूर्वी टीबीटी नावाचं कथलाचं औषध पेंटात असायचं, फार जबरदस्त, वर्षानुवर्षं शिंपली धरायची नाही. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत त्याने कालवांची अख्खी शेती बसवली, कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, पिल्लं जगेनात, आणि १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर ते बंद केलं. जगभराचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून लागू आहे. म्हणून बिनलेबलचा "जुना स्ट्राँग माल" कोणी देऊ केला तर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. आणि तांब्याचा पेंट खरवडताना कोरडा घासू नका, ओला करून, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, खाली ताडपत्री, आणि तो चुरा गोणीत भरून बाजूला. आंजर्ल्याच्या खाडीत जिथे तुम्ही बोट खरवडता तिथून थोड्या अंतरावर आपल्याच बायका ओहोटीला कालवं काढतात, तिसऱ्या वेचतात. ते आपल्याच ताटात येतं.

बाबांचं म्हणशील तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांनी चुना, राळ आणि मुशीचं तेल कालवून बुडाला फासलेलं बघितलंय, काजूच्या टरफलाचं तेलही बघितलं असेल, आणि बोटीच्या कुठल्या बाजूला शिंपली आधी धरते, सावलीच्या का उन्हाच्या, हे त्यांना जितकं माहीत आहे तितकं कुठल्याही पत्रकात नाही. फळ्या कुठे आणि किती खोल बांधायच्या ते त्यांनाच ठरवू दे. लाल पेंटची फळी त्यांच्याच हाताने रंगवून घे, नेहमीसारखी, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की नीट मारला नव्हता. मेच्या उधाणाला तिन्ही फळ्या अंगणात ओळीने ठेव आणि वहीचं ते पान शेजारी उघडं ठेव.

तांब्याची फळी पास झाली आणि जूनमध्ये ६१,००० एकदम निघत नसतील तर एक मधला मार्ग आहे. अर्धी बोट ह्या पेंटने आणि अर्धी त्या पेंटने मुळीच करू नका, बोट वर घ्यायची वेळ वाईट अर्ध्यावरच ठरते. त्यापेक्षा ह्या जूनमध्ये जुना पेंट उतरवून प्रायमर आणि जोडथर एवढंच नीट करा, १८,००० मध्ये, वरून नेहमीचा लाल मारा, पण दोनाऐवजी चार हात, म्हणजे थर निदान १३० मायक्रॉनच्या पुढे जाईल आणि खर्च १२,००० च्या आत राहील. फक्त तो लाल ह्या जोडथरावर चालतो का, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर तांब्याचा चढतो का, हे दुकानदाराकडून आधी लिहून घे, नाही म्हणाला तर हा मार्ग सोडून दे. नोव्हेंबरचं वर घेणं जानेवारीवर गेलं तरी हंगामातलं एक वर घेणं वाचेल, ३०,००० रुपयांचं. ते पैसे वेगळे काढून ठेव, पुढच्या जूनला तांब्याच्या डब्यांसाठी.

फोटो पाठव, उधाणाच्या दुसऱ्या दिवशीचे, फळी ओली असतानाच काढलेले.